गुडघ्याच्या गोळ्या : फायदा किती, धोका किती?

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, कोणत्याही गावच्या मशिदीत जुम्याला जा, एक बदल लगेच डोळ्यांत भरतो. सफीच्या कडेला, भिंतीलगत खुर्च्या वाढल्या आहेत. पूर्वी त्यांवर एखादेच बुजुर्ग बसलेले असायचे. आता पन्नाशीतले गृहस्थही खुर्ची ओढून घेताना दिसतात. स्त्रियांची नमाज घरात होत असल्यामुळे त्यांचे दुखणे चारचौघांत दिसत नाही इतकेच. सजद्यातून उठताना पलंगाची कड धरणारी अम्मी आणि "या अल्लाह" म्हणत एकेक पायरी चढणारी नानी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

त्याच घरात, फ्रीजवर किंवा फडताळात, एक मोठा पांढरा डबा असतो. कधी तो मुंबईच्या जावयाने आणलेला असतो, कधी दुबईहून सुट्टीवर आलेल्या मुलाच्या बॅगेतून निघालेला. त्यावर गुडघ्याचे चित्र, चित्रातून निघणारे लाल किरण आणि खाली ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजेन अशी नावे. घरातले सगळे त्याला 'गुडघ्याची गोळी' म्हणतात. अम्मी ती रोज इमानेइतबारे घेते आणि कोणी विचारले तर सांगते, "थोडा फरक वाटतोय बरं का."

या डब्याविषयी आम्हाला तीन प्रश्न सतत विचारले जातात. याने खरोखर फरक पडतो का? काही नुकसान तर होणार नाही ना? आणि हे आपल्याला खायला चालते का? हा तिसरा प्रश्न डॉक्टरांना सहसा कोणी विचारत नाही. मौलाना साहेबांना विचारावा, तर गोळी कशापासून बनते हे आधी त्यांना सांगावे लागते. म्हणून तिन्ही प्रश्न एकाच जागी मांडायचे ठरवले.

आधी दुखण्याविषयी. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. वय, वजन, जुनी इजा आणि अनुवंश यांमुळे हा थर झिजतो, हाडाला कडेने काटे येतात, आतले अस्तर सुजते आणि स्नायू दुबळे होतात. याला आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो, पण हा झिजेचा संधिवात आहे. त्याचे इतर प्रकार वेगळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ. आपल्याकडच्या कामाची ठेवणही गुडघ्याला जड जाते. तालुक्याच्या पश्चिमेला चिखलात वाकून भातलावणी, पूर्वेला टोमॅटो-कांद्याच्या शेतात उकिडवे बसून खुरपणी, घरात जमिनीवर बसून स्वयंपाक, दस्तरखानावर मांडी, आणि उकिडव्या बैठकीचा संडास. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांचा अभ्यास झाला, तेव्हा तरुणपणी दिवसातले बरेच तास उकिडवे बसलेल्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली. तिथल्या स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण अमेरिकेतल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही जास्त होते.

आपल्या पुणे जिल्ह्यातही असा एक अभ्यास झालेला आहे, आणि फार थोड्यांना त्याची माहिती आहे. इंदापूर तालुक्यातले भिगवण गाव लोकांना उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ठाऊक असते. पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून त्या गावात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने चाललेल्या 'कॉपकॉर्ड' या मोहिमेतली ती भारतातली पहिली पाहणी. चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांना विचारले, तेव्हा साधारण १८ टक्के लोकांनी सांधे, स्नायू, कंबर यांच्या दुखण्याची तक्रार सांगितली. खेड्यात कष्टाचे काम असते म्हणून हाडे बळकट राहतात, हा आपला लाडका समज त्या पाहणीत टिकला नाही.

आता डबा उघडू. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे दोन्ही पदार्थ आपल्या कूर्चेतच असतात. त्यामागचा युक्तिवाद सरळ आहे : जे झिजले ते बाहेरून खाल्ले की भरून निघेल. ऐकायला हे इतके पटते की पुढे कोणी विचारतच नाही. पण पोटात गेलेली वस्तू पचते, तिचे तुकडे होतात, आणि ते तुकडे नेमके डाव्या गुडघ्यात जाऊन कूर्चा विणतील याची काही शाश्वती नसते. केस गळतात म्हणून कोणी केस खात नाही. युक्तिवाद कितीही गोड असला तरी शेवटी माणसांवर करून पाहावे लागते.

ते करून पाहिलेले आहे, आणि मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने पैसा पुरवलेली 'गेट' नावाची चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. गुडघेदुखीच्या १५८३ रुग्णांचे पाच गट केले. एकाला ग्लुकोसामाइन, दुसऱ्याला कॉन्ड्रॉइटिन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी, आणि पाचव्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली नकली गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. २४ आठवड्यांनी विचारले, दुखणे किमान एक पंचमांशाने कमी झाले का? ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन दोन्ही घेणाऱ्या शंभरांतल्या ६७ जणांनी होय म्हटले. वेदनाशामकाच्या गटात ७० जणांनी. आणि नकली गोळीच्या गटात ६० जणांनी!

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबले पाहिजे, कारण आपल्या अम्मीचे "थोडा फरक वाटतोय" हे वाक्य याच आकड्यात दडलेले आहे. गोळीत काहीच नसताना शंभरांतल्या साठ जणांना फरक पडला. ते खोटे बोलत होते का? मुळीच नाही. झिजेचे दुखणे लाटेसारखे असते, चार आठवडे वाढते, चार आठवडे ओसरते. माणूस गोळी सुरू करतो ती दुखणे शिगेला पोहोचल्यावर, म्हणजे ते आपोआप उतरणीला लागणारच असते. शिवाय आपल्यासाठी कोणी काही करते आहे, मुलाने एवढ्या लांबून आठवणीने डबा आणला आहे, याचाही मनावर आणि मनातून दुखण्यावर परिणाम होतो. गोळीचे श्रेय ठरवताना या साठ जणांची वजाबाकी करावी लागते.

त्याच चाचणीत ज्यांचे दुखणे मध्यम ते तीव्र होते अशा थोड्या रुग्णांमध्ये दोन्ही औषधांच्या जोडीने बराच जास्त गुण दिसला, ५४ विरुद्ध ७९ टक्के. कंपन्यांच्या पत्रकांवर तुम्हाला हाच आकडा दिसेल, वरचे दिसणार नाहीत. तो गट लहान होता, म्हणून संशोधकांनीच हे पुन्हा तपासावे लागेल असे म्हटले. पुढे स्पेनमध्ये १६४ रुग्णांवर याच जोडीची नकली गोळीशी तुलना झाली आणि निकाल उलटा लागला, नकली गोळीवाल्यांचे दुखणेच जास्त उतरले. त्याआधी २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दहा चाचण्या आणि ३८०३ रुग्णांची माहिती एकत्र करून निष्कर्ष आला होता की रुग्णाला जाणवेल एवढा फायदा यांत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ही औषधे देऊ नयेत असे स्पष्ट सांगितले. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही ग्लुकोसामाइन देऊ नका असेच आहे. युरोपातल्या काही तज्ज्ञांचे मत याहून वेगळे आहे. ग्लुकोसामाइनचा सल्फेट हा प्रकार, औषधाच्या दर्जाचा आणि दिवसाला १५०० मिलिग्रॅम, दीर्घकाळ दिला तर थोडा उपयोग होतो असे ते मानतात. वाद अजून संपलेला नाही. पण हा वाद 'थोडा उपयोग की काहीच नाही' एवढाच आहे. कूर्चा पुन्हा उगवते, ऑपरेशन टळते, अशा जाहिरातींना यांतल्या कोणाचाच आधार नाही.

आपल्या पुण्याच्या त्याच डॉ. चोप्रांनी देशातल्या इतर केंद्रांसह आणखी एक चाचणी केली. तिचा निकाल २०१३ साली ऑक्सफर्डच्या 'रुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात छापून आला. त्यासाठी केंद्र सरकारने पैसा दिला होता. ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ अशा वनस्पतींपासून केलेली आयुर्वेदिक मिश्रणे एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. सगळ्यांचा गुण जवळजवळ सारखा निघाला. वर्तमानपत्रांनी याचा अर्थ 'आयुर्वेद ॲलोपथीच्या तोडीस तोड' असा लावला. आम्ही तो निकाल थोडा वेगळा वाचतो. त्या चाचणीत नकली गोळीचा गटच नव्हता, मग साठांची वजाबाकी करायची कशी? आणि दुसरे म्हणजे, वनौषधी घेणाऱ्यांपैकी सात जणांच्या रक्तात यकृतावरचा ताण दाखवणारे एसजीपीटी अचानक वाढले, म्हणून त्यांचे औषध थांबवावे लागले. त्यांना त्रास काहीच जाणवत नव्हता, तपासणी केली म्हणून कळले. घरात काढा करून पिणाऱ्याचे रक्त कोण तपासते? कोविडच्या काळात गुळवेलीचा रतीब घातल्यानंतर कावीळ झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण ज्याला आधीच यकृताचा किंवा थायरॉइडचा आजार आहे त्याने गुळवेल किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मनाने सुरू करू नयेत, इतके तरी त्यातून घ्यावे. भाजीतली हळद वेगळी. कॅप्सूलमधली हळद म्हणजे कुर्कुमिनचा घट्ट अर्क, वर तो रक्तात जास्त शोषला जावा म्हणून मिरीचा अर्क घातलेला.

युनानीचे काय, हा प्रश्न आपल्या घरांत येणारच. हकीम साहेब 'वजउल मफासिल'साठी माजून सुरंजान किंवा हब्ब-ए-सुरंजान देतात. सुरंजान ही कोल्चिकम जातीची वनस्पती. तिच्या कडू प्रकारातले कोल्चिसिन हे द्रव्य आधुनिक वैद्यकातही वापरतात, पण गाउटसाठी, म्हणजे युरिक ॲसिडच्या सांधेदुखीसाठी, आणि फार मोजून. मात्रा वाढली तर जुलाब, उलट्या, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर जिवावरचे दुखणे होऊ शकते. हब्बमध्ये सुरंजानसोबत एलवा आणि हलेला असतो. हा हलेला म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी बांधव झाडावरून उतरवून वाळवतात तो हिरडाच. दोन्ही पोट साफ करणारे, म्हणून ही गोळी घेतल्यावर 'अंग हलके वाटते'. माजून तर साखरेच्या किंवा मधाच्या पाकात बनते. मधुमेही बुजुर्गांना घरचे लोक चहा बिनसाखरेचा देतात आणि माजूनचे दोन चमचे प्रेमाने भरवतात, हे आम्ही पाहिले आहे. युनानी घ्यायचेच असेल तर पदवी असलेल्या, नोंदणीकृत हकिमांकडून घ्यावे, आणि आपल्याला कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना आधी सांगावे.

आता तिसरा प्रश्न : चालते का? ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांपासून काढतात. कॉन्ड्रॉइटिन गाय-बैल, डुक्कर किंवा शार्क माशाच्या कूर्चेपासून. कोलॅजेन गुरांच्या किंवा डुकराच्या कातडीपासून, नाहीतर माशांपासून. चाळीस मिलिग्रॅमची जी छोटी 'टाइप टू' कोलॅजेनची कॅप्सूल मिळते ती कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून, म्हणजे कोंबडी कशी जबह झाली हा प्रश्न आलाच. आणि आतले काहीही असो, कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते. भारतात ते बहुधा गुरांच्या हाडांपासून बनते. युरोप-अमेरिकेतून आलेल्या डब्यात डुकराचे असण्याची शक्यता राहते.

टरफलांचा मुद्दा आपल्या समाजात घरागणिक बदलतो. देशावरची आपली बहुतेक घरे हनफी, त्यांच्याकडे समुद्रातले फक्त मासे चालतात. खेकडा नाही, आणि कोळंबीबद्दल हनफी उलमांमध्येच दोन मते. कोकणातून लग्न होऊन जुन्नरला आलेली शाफई घरातली सून कोळंबी आनंदाने खाते, तरी खेकड्याबद्दल तिच्याकडेही मतभेद आहेत. वस्तूचे रासायनिक रूप पूर्ण पालटले की हुकूमही पालटतो, असे 'इस्तिहाला'च्या आधारे काही उलमा म्हणतात, काही ते मानत नाहीत. हा निर्णय देणे आमचे काम नाही, ज्यांच्यावर आपला विश्वास आहे त्या आलिमांना विचारावे. फक्त विचारताना डबा सोबत न्यावा आणि वर लिहिलेली माहिती त्यांच्यापुढे ठेवावी.

वाट अगदीच बंद आहे असे नाही. मक्यावर वाढवलेल्या बुरशीपासून आंबवून केलेले ग्लुकोसामाइनही बाजारात आहे. त्यावर 'शाकाहारी' किंवा 'वनस्पतिजन्य' असे लिहिलेले असते. भारतात खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर चौकोनात हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राणिज घटक नाही, तपकिरी त्रिकोण असेल तर आहे. हिरवा ठिपका म्हणजे हलालचा दाखला नव्हे, अर्क काढताना अल्कोहोल वापरले की नाही हे तो सांगत नाही. पण निम्मी शंका तिथेच मिटते. ग्लुकोसामाइनचा उपयोगच इतका शंकास्पद असताना त्यासाठी दीनच्या बाबतीत शंकेची वस्तू पोटात घालायची काय गरज, असे आमचे स्वतःचे मत आहे. जीव वाचवणाऱ्या औषधाची गोष्ट निराळी असते.

डब्यावर आणखी एक ओळ शोधा. भारतात हे पदार्थ औषध म्हणून नव्हे, बहुतांशी 'आरोग्य पूरक' म्हणून अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात. त्यांच्यासाठीचे नियम २०१६ साली झाले. त्यानुसार वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांकही. पुढे गुडघ्याचे मोठे चित्र, मागे मुंगीच्या अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. नवे औषध बाजारात आणण्याआधी ते गुणकारी आहे हे कंपनीला सिद्ध करावे लागते. पूरक पदार्थाला ती अट त्या स्वरूपात लागू नाही. परदेशातून बॅगेत आलेल्या डब्यावर तर आपल्याकडच्या कोणाचीच नजर नसते.

धोक्याचा हिशेब पाहिला तर ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन बहुतेकांना सहन होतात. मळमळ, ॲसिडिटी, पातळ शौच, एवढेच. ग्लुकोसामाइन ही एक प्रकारची शर्कराच असल्यामुळे मधुमेह वाढेल अशी भीती होती, पण चाचण्यांमध्ये तसे ठळक दिसले नाही. तरीही सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने साखर एकदा जास्त तपासावी. खरी काळजी दोन-तीन ठिकाणी आहे. हृदयाची झडप बदललेली किंवा पायात गुठळी झालेली माणसे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल घेतात. त्यासोबत ग्लुकोसामाइन घेतल्यास रक्त प्रमाणाबाहेर पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. त्यांनी हा डबा उघडूच नये. कोळंबी-खेकड्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी टरफलाचे ग्लुकोसामाइन टाळावे. ग्लुकोसामाइन सल्फेट पुष्कळदा पोटॅशियम किंवा सोडियमच्या क्षारासोबत बांधलेले असते, म्हणून मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना दाखवावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी पुरेशी माहितीच नाही, तेव्हा नकोच.

'डी' जीवनसत्त्वाची पुडी हा वेगळा विषय. घरात आणि पडद्यात राहणाऱ्या आपल्या स्त्रियांमध्ये याची कमतरता पुष्कळ आढळते. ती भरून काढणे हाडांसाठी जरूर आहे, गुडघ्याची झीज मात्र त्याने थांबत नाही. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. ती रोज एक घेतल्यामुळे उलट्या, सुस्ती, मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत पोहोचलेले रुग्ण डॉक्टरांना भेटतात. चिठ्ठीवर 'आठवड्याला एक' हे मराठीत लिहून मागा.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका डब्यात नाही, तो कागदाच्या पुडीत आहे. आठवडे बाजारात, यात्रेत, उरुसात, एसटी स्टँडवर 'सांधेदुखीची जडीबुटी' विकली जाते. बिननावाची काळी गोळी किंवा राखाडी पूड. तिसऱ्या दिवशी आजोबा काठी टाकून चालायला लागतात आणि सगळ्या मोहल्ल्यात त्या पुडीची कीर्ती होते. कोणतीही जडीबुटी झिजलेला गुडघा तीन दिवसांत बरा करत नाही. असा चमत्कार करते ते स्टेरॉइड, नाहीतर डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक, पुडीत मिसळलेले. अशा पुड्यांमध्ये ही भेसळ आपल्या देशात वारंवार सापडली आहे. मग महिन्या-दोन महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो ("तब्येत सुधारली" म्हणून घरचे खूश), साखर आणि रक्तदाब चढतो, कातडी पातळ होऊन काळे-निळे डाग पडतात, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा : ती एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते, आणि अचानक तोडल्यास रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उरलेली पुडी घेऊन जुन्नर-नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि काही न लपवता सांगा.

रमजानमध्ये वेदनाशामकांचा प्रश्न वेगळा उभा राहतो. तरावीहला गुडघे साथ देत नाहीत म्हणून सेहरीला जेमतेम खजूर-पाणी घेऊन गोळी गिळली जाते. मग दिवसभर पोट रिकामे आणि पाणीही नाही. जठराला आणि मूत्रपिंडाला याहून वाईट वेळ नाही. गोळी लागतच असेल तर इफ्तारनंतर जेवण झाल्यावर घ्यावी. त्याहून बरे म्हणजे गुडघ्यावर चोळण्याचे डायक्लोफेनॅकचे मलम. ते पोटात फार थोडे जाते आणि गुडघ्याला बऱ्यापैकी उतार देते.

प्रत्येक सांधेदुखी झिजेची नसते. सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, थकवा आणि बारीक ताप असतो, तर तो आमवात असू शकतो. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांना तो जास्त होतो आणि पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. ते महिने डब्यातल्या गोळ्यांत घालवले तर परत मिळत नाहीत. एकच सांधा रातोरात लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. २००६ च्या साथीपासून चिकुनगुन्याही आपल्याकडे ठाण मांडून आहे, त्याची सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळते.

मग गुडघ्याला खरोखर कशाने बरे वाटते? उत्तर इतके साधे आहे की त्याचा डबा बनवून विकता येत नाही. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे मोजून पाहिलेले आहे. चार किलो उतरवले तर सोळा, आणि दिवसात पावले किती पडतात! दुसरे, मांडीचे स्नायू. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा खाली दाबून पाच आकडे म्हणा, सोडा. दहा वेळा, दोन्ही पाय. मग खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करा, पाच आकडे, खाली. पाचांपैकी प्रत्येक नमाजनंतर हे करायचे ठरवले तर दिवसात पाच वेळा आपोआप होते आणि वेगळी वेळ काढावी लागत नाही. पहिले दोन आठवडे थोडे जास्त दुखेल, तिथे बहुतेक जण सोडून देतात. सहा ते आठ आठवडे टिकवले तर जिना चढताना फरक कळतो. जमिनीवरचा स्वयंपाक ओट्यावर न्यावा, संडासात कमोड किंवा कमोडची खुर्ची बसवावी, भाजी निवडायला पाट सोडून स्टूल घ्यावे. घरातल्या स्त्रीसाठी स्टूल आणणे कोणाला सुचत नाही, दुबईचा डबा मात्र सुचतो.

नमाजविषयी बुजुर्गांच्या मनात फार अपराधी भावना असते. उभे राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची सवलत हदीसमध्ये स्पष्ट आहे, आणि ती मूळव्याधीचा त्रास असलेल्या सहाबींना दिलेली होती. उभे राहणे जमते पण सजद्याला गुडघा वाकत नाही, अशा वेळी किती भाग उभ्याने आणि किती खुर्चीवर, हे आपल्या इमाम साहेबांकडून समजून घ्यावे. गुडघा सोसत नसताना हट्टाने दाबून वाकवल्याने सूज वाढते आणि पुढचे चार दिवस खुर्चीही परवडत नाही.

एवढे वाचूनही कोणाला गोळी घेऊन पाहायचीच असेल, वर सांगितलेले धोके नसतील आणि हलालची खात्री पटली असेल, तर आमची हरकत नाही. फक्त ती मोजून घ्यावी. सुरू करण्याआधी कॅलेंडरवर लिहा : घरापासून मशिदीपर्यंत किंवा किराणा दुकानापर्यंत किती वेळा थांबावे लागते, आणि दुखणे दहापैकी किती. तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. त्या काळात नवा व्यायाम किंवा नवे मलम सुरू करू नका, नाहीतर श्रेय कोणाचे ते कळणार नाही. फरक नसेल तर डबा बंद. महिन्याचा खर्च बाराने गुणून पाहिला तर त्या पैशांत वर्षभराची फिजिओथेरपी किंवा कमोड बसतो का, हे ज्याचे त्याला दिसेल.

आणि ज्यांची झीज शेवटच्या टप्प्यात आहे, रात्री झोप लागत नाही, पाय धनुष्यासारखे वाकले आहेत, त्यांनी डब्यांवर वर्षे घालवू नयेत. सांधेबदलाच्या ऑपरेशनची भीती असते ती खर्चाचीही असते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली. इस्पितळाचा आणि सर्जनचा खर्च त्यावर येतो. म्हणून अंदाजपत्रक मागताना कृत्रिम गुडघ्याची किंमत वेगळ्या ओळीत लिहून मागावी.

उमऱ्याला निघालेल्या कुटुंबांसाठी एक सूचना, कारण या दिवसांत डब्यांची खरेदी सर्वांत जास्त तेच करतात. सफा-मरवाच्या सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणे होते, तवाफ त्याखेरीज. निघण्याआधी आठवडाभर गोळ्या खाऊन त्याची तयारी होत नाही. तीन महिने आधीपासून रोज सकाळी फज्रनंतर सपाट रस्त्यावर चालायला लागावे, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत. मऊ तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट-चप्पल सोबत घ्यावेत, नवे कोरे नकोत. मलम आणि नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. हरममध्ये चाकाच्या खुर्च्या मिळतात, सईची त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे, आणि अम्मीला त्या खुर्चीत बसवताना तिची परवानगी आधी घरीच, निवांत बसून घेतलेली बरी.